सोललेलं घर

२८ सप्टेंबर १९५७, शनिवार

आले एकदाची. घर माझं आहे. हे वाक्य मी सकाळपासून चार वेळा मोठ्यानं म्हटलं आणि कोणाशी बोलतेस म्हणून विचारायला कोणी नव्हतं. आईच्या आजारपणात वीस वर्षं गेली. तिच्या उशाशी एक पितळी घंटी असे, ती वाजली की मी पळायचं. घंटी नॉरिच शहरातल्या जुन्या घरीच सोडून आले. आता एकच इच्छा आहे, दार लावून घ्यावं आणि कोणी येऊ नये.

खोक्यावर बसून चहा घेतला, पाव आणि चीज खाल्लं. थॉर्न फार्म, हे माझं घर, समोरून लाल विटांचं, सरळ नाकाचं दिसतं, पण त्या विटा म्हणजे नुसता वरून घातलेला कोट. माळ्यावर चढले तेव्हा छपराच्या तुळया काजळीनं काळ्याकुट्ट दिसल्या. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इथे धुराडं नव्हतं आणि वरचा मजलाही नव्हता. एकच उंच दालन, मधोमध जमिनीवर आग आणि धूर सरळ छपरात. पुढे प्रत्येक पिढीनं त्यावर काहीतरी चढवलं: धुराडं, मजला, गिलावा, विटा. मला ते सगळं उतरवून मूळचं दालन बघायचंय. वाचनालयातल्या नोकरीत इतकी वर्षं जुन्या घरांची पुस्तकं लोकांना नेऊ दिली, आता माझी पाळी.

५ ऑक्टोबर, शनिवार

पलीकडच्या कॉटेजमधली मिसेस गॅदरकोल सहा अंडी घेऊन आली. सत्तरीची असेल. बस म्हणायच्या आत बसली. पन्नाशीच्या मला 'पोरी' म्हणते. दर शनिवारी अंडी आणीन म्हणाली, मी नको म्हटलेलं तिला ऐकूच आलं नाही.

मी दालनाचा बेत सांगितला तशी तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, अगं पोरी, या घरात फक्त भर घालतात, काढत काही नाहीत. माझ्या आजोबांनीसुद्धा इथे भिंत बांधली, पाडली नाही. का, ते विचारलं तर तिनं चहात आणखी साखर मागितली.

१५ ऑक्टोबर

गावातला गवंडी क्लेम पॉड आठवडाभर कामावर आहे. बैठकीच्या खोलीतला सात थरांचा वॉलपेपर निघाला, गिलावा निघाला. आतल्या ओकच्या खांबांवर सुतारांनी कोरलेले आकडे अजून स्वच्छ आहेत. मी हात फिरवत बसले. पॉड म्हणाला, मॅडम, खांबाला लग्नाची मागणी घालायची असेल तर मी बाहेर थांबतो. मी खूप दिवसांनी हसले.

एक मात्र नोंदवते. प्रत्येक थर या एकाच खोलीकडे जास्त जाड होता. बाकीच्या घरात कोणी इतके कष्ट घेतलेले नाहीत.

२० ऑक्टोबर, रविवार

लोखंडी शेगडी काढली. तिच्यामागे विटांची चूल, तिच्यामागे आणखी मोठी चूल. त्यामागे धुराड्याच्या पोटात एक कोनाडा, विटा लावून बुजवलेला. काल पॉडनं तिथे हात लावायला साफ नकार दिला. घरी बायको वाट बघते म्हणाला, भर दुपारी, आणि हत्यारं घेऊन गेला. मग आज मीच पहार घेतली.

आत एक बूट होता. चामड्याचा, अरुंद, तरण्या बाईच्या पायाचा, टाच झिजलेली. जुन्या घरांत धुराड्यापाशी असा बूट लपवायची रीत होती, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. माझा आनंद गगनात मावेना.

२२ ऑक्टोबर

बूट नॉरिचच्या संग्रहालयाला टपालानं पाठवला. पोस्टातल्या मुलीनं आत काय म्हणून विचारलं, मी ऐटीत सांगितलं. तिनं पार्सल दोन बोटांनी उचललं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मिसेस गॅदरकोलनं रिकामा कोनाडा पाहिला आणि अंड्यांची टोपली खालीच ठेवली. आज मात्र तिनं सगळं सांगितलं.

धुराडं नव्हतं त्या काळी गावात प्लेग आला होता. या घरातल्या मोठ्या मुलीनं आईबापाचं, भावंडांचं केलं, एकेकाला पुरलं. ती स्वतः धडधाकट होती. पण गावानं तिला आत ठेवून दाराला बाहेरून खिळे ठोकले. अकरा दिवस छपरातून धूर येत होता. म्हणजे ती आग राखून होती, कोणीतरी येईल म्हणून. बाराव्या दिवशी धूर थांबला. ठोकणाऱ्यांत गॅदरकोलही होते, हे म्हातारीनं मान खाली घालून सांगितलं. नंतर राहायला आलेल्यांना ती दालनात बसलेली दिसे. त्यांनी धुराडं बांधलं आणि तिचा एक बूट त्यात चिणला, तिनं पलीकडेच राहावं म्हणून. पुढच्या प्रत्येकानं आपापली भिंत घातली.

तुझा एक बूट तरी ठेव त्या जागी, म्हणाली. आणि माझ्याकडे राहायला चल. मी चिडले. वीस वर्षांनी स्वतःचं दार मिळालंय, ते कोणाच्या भुताखेतांपायी सोडू? अंडी नकोत, तुम्हीही येऊ नका, असं तोंडावर सांगितलं. ती उठून गेली. टोपली तशीच राहिली.

३० ऑक्टोबर

सगळीकडे लाकडाच्या धुराचा वास. चूल पेटवलेली नाही. वरच्या मजल्यावर, माझ्या पांढऱ्या चादरीवर, काजळी.

२ नोव्हेंबर, शनिवार

कोणी आलं नाही. मी बाराच्या सुमारास दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, उगाच.

दुपारी खोलीच्या मधल्या फरश्या उचलल्या. खाली माती, आणि मातीत भाजून लाल झालेलं वर्तुळ. मूळची आगीची जागा. हेच तर मला हवं होतं. हात ठेवला.

माती गरम आहे.

५ नोव्हेंबर

आज पाच नोव्हेंबरचा शेकोट्यांचा सण, गावात होळ्या पेटतात. पॉड फाटकातूनच विचारून गेला, येता का मॅडम, भाजलेले बटाटे आहेत. मी हो म्हणणार होते. तोंडातून 'नाही' गेलं. सवय.

कोनाड्यात माझा डावा बूट ठेवला आणि विटा लावल्या. हसू येत नव्हतं.

६ नोव्हेंबर

विटा जागच्या जागी आहेत. माझा बूट त्या वर्तुळाशेजारी होता, पुसलेला. त्याच्याजवळ दुसरा. अरुंद, टाच झिजलेला. संग्रहालयात आहे त्याचा जोडीदार.

नॉरिचची बस दोनच्या सुमारास पोस्टाच्या नाक्यावर येते. सामान भरायला घेतलं. मग वाटलं, जाणार कुठे? माझं कोण आहे? हे लिहिताना रडले.

७ नोव्हेंबर

पुढच्या लाल विटा— बाहेर जाऊन पाहिलं, विटा नाहीत. मातीची भिंत आहे. मी त्यांना हात लावला नव्हता. फाटकही दिसत नाही, नुसतं धुकं. दहा पावलं गेले आणि पुन्हा दारातच आले.

ती मुलगी वाईट नाही असं वाटतं. माझ्यासारखीच घंटीला ओ देऊन देऊन थकलेली असेल. मला ते कळतं. कळतं याचीच भीती वाटते.

८ नोव्हेंबर

जिना आहे. वर काही नाही. छपरापर्यंत मोकळं, काळं. धुराडं होतं तिथे

खिडक्यांना काचा नाहीत. जाड लाकडी गज. माझं अंग जात नाही त्यातून.

मिसेस गॅदरकोलला हाका मारल्या. माफ करा म्हटलं. घसा बसला.

९ नोव्हेंबर

शनिवार. अंड्यांचा वार. मी येऊ नका म्हटलं होतं, तरी ती येईल. माझं ऐकूच कुठे येतं तिला. येऊ दे. तिच्याकडे राहीन, ती म्हणेल तितकी साखर घालीन—

दारावर ठोकतंय कोणी. आली. आली ती

नाही. हातोडा. फळीतून खिळ्याचं टोक आत आलं. आता दुसरं. बाहेर बरीच माणसं आहेत. मी ओरडले, मी आजारी नाही, मी धडधाकट आहे. बाहेर कोणी बाई रडत म्हणाली, पोरी, देव तुला सांभाळो. आणि ठोकणं थांबलं नाही.

आग पेटली आहे. ती मुलगी माझ्याकडे पाठ करून बसलीय, एका पायात बूट. मी हाक मारली नाही. तिनं वळूनही पाहिलं नाही. लाकूड आत सारलं आणि नुसती थोडी सरकली, शेजारी जागा केली, माझ्या