जिल्ह्याची बेकारी घटली

प्रिय इनचार्जबाई,

रागावू नकोस. तुझं प्रशिक्षण अजून संपायचं आहे, परीक्षाही व्हायची आहे, हे मला माहीत आहे. पण आपल्या गल्लीने तुला कधीच वृद्धाश्रमाची इनचार्ज करून टाकलंय. परवा दूध आणायला गेलो तर दुकानदार आपल्या पोराला म्हणाला, अरे, इनचार्जबाईंचे मिस्टर आलेत, त्यांना आधी दे. ह्याच दुकानात मी इतकी वर्षं बूट कारखान्यातले कटिंगवाले साहेब होतो. मी हसलो, थँक्यू म्हणालो, आणि घरी येऊन पिशवी ओट्यावर इतक्या जोरात आपटली की फुटली. फोनवर तुला सांगितलं की मांजराने दूध सांडलं. मांजर बिचारं तेव्हा जिन्यात झोपलं होतं.

हेही फोनवर सांगता आलं असतं, असं म्हणशील. नाही येत. फोनवर तू कायम त्या हॉस्टेलच्या कुठल्यातरी जिन्यात उभी असतेस. मी तोंड उघडतो तोवर मागून कुणीतरी "ताई, चला, सुरू होतंय" म्हणून हाक मारतं आणि तू "आलेच" म्हणतेस. त्या "आलेच"मध्ये जो उत्साह असतो, तो माझ्या हाकेला कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. मला त्या हाक मारणाऱ्याचा राग येतो, तुझाही येतो, आणि खरं सांगायचं तर त्या जिन्याचासुद्धा येतो. म्हणून शेवटी कागद घेतला. निदान हा तरी मधेच पळून जाणार नाही.

घरचं ठीक आहे. लेक वेळेवर कॉलेजला जाते, वेळेवर येते आणि माझ्या हातची अंडी न कुरकुरता खाते, म्हणजे तिला माझी दया येत असावी. स्वयंपाकघरातला नळ आता गळत नाही. तुझ्या कपाटाचा अडकणारा खण घासून सरळ केला आणि त्यात तुझा दुसरा निळा कोट इस्त्री करून ठेवला आहे, तो खिशावर नाव शिवलेला. आमच्या कारखान्यात डगल्यावर नाव नसायचं, नुसतं खातं लिहिलेलं असायचं, आणि तेव्हा मला त्यात काही कमी वाटलं नव्हतं. तुझ्या नावावरून इस्त्री फिरवताना मी ती जरा जास्तच वेळ दाबून धरली. काही जळलं नाही, काळजी करू नकोस. जळायचं ते इस्त्रीच्या दुसऱ्या बाजूला जळत होतं.

कारखाना बंद झाला तेव्हा मी असा नव्हतो, हे तूही कबूल करशील. भोंगा थांबला त्या पहिल्या महिन्यात आम्ही सगळे रोज फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जमायचो, सुट्टी लागल्यासारखे. शिवणखात्यातला आपला शेजारी दाढीवाला तर सगळ्यांना धीर द्यायचा, की लोक काही अनवाणी फिरायला लागणार नाहीत, नवा मालक येईल. लोक अनवाणी फिरले नाहीत. बूट फक्त दुसरीकडे कुठेतरी, आमच्यापेक्षा स्वस्त हातांनी बनायला लागले. कातड्यावर हात फिरवला की कुठला भाग ताण धरेल आणि कुठला वर्षभरात सैल पडेल हे मला डोळे मिटून सांगता यायचं. आता ह्या बोटांत दिवसभर टीव्हीचा रिमोट असतो, आणि त्यालाही बॅटरी लागते.

तेवढ्यात तिकडे हायवेजवळच्या वृद्धाश्रमाने दुसरा मजला चढवला आणि कामाला बायका घ्यायला सुरुवात केली. तू म्हणालीस, जाऊन तर बघते. मी मोठ्या मनाने जा म्हणालो. मोठ्या मनाने, कारण मला खात्री होती की पंधरा दिवसांत पाठ धरून परत येशील आणि मी तुला म्हणेन, राहू दे, मी आहे ना. पाठ धरून तू यायचीस खरी, पण तोंडावर असं काही तेज घेऊन यायचीस की मला विचारायचीही सोय राहायची नाही. तू न विचारताच सांगायचीस. ते मास्तर आजोबा तुझ्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाहीत, त्या खिडकीजवळच्या आजी तुला आपली धाकटी बहीण समजतात. मी हूं हूं करायचो. नव्वदीच्या, दात नसलेल्या म्हाताऱ्याचा हेवा करणारा आपल्या तालुक्यात मी एकटाच असेन.

त्या सुमाराला पेपरात आलं होतं बघ, की जिल्ह्यात जितक्या नोकऱ्या गेल्या जवळजवळ तितक्याच नव्या आल्या, तेव्हा घाबरायचं कारण नाही. गेल्या त्या कारखान्यांतल्या, आल्या त्या दवाखान्यांतल्या, गोदामांतल्या आणि तुमच्यासारख्या आश्रमांतल्या. मी ते तुला मोठ्याने वाचून दाखवलं. तू आरशासमोर केसांना पिना लावत होतीस. म्हणालीस, चला, म्हणजे आपल्याही घरचा हिशेब जुळला. तू गमतीत म्हणालीस, मला माहीत आहे, पण मला ते लागलं ते लागलंच. जिल्ह्याला कसलं आलंय सोयरसुतक? एक बाहेर गेला, एक आत आला, फिट्टंफाट. पण दोघं एकाच छपराखाली असली की एकाने गजर लावून उठायचं आणि दुसऱ्याने त्याच गजराने जागं होऊन झोपेचं सोंग घेत पडून राहायचं, हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते त्या पेपरवाल्याने लिहिलं नव्हतं.

आता त्या पाहणीवाल्या मुलीची गोष्ट. ही तुला अर्धीच माहीत आहे. तू कामावर असताना एक मुलगी हातात टॅब घेऊन आली. घरोघर जाऊन कोण काय काम करतं ते विचारत होती. चांगली होती मुलगी, पाणी दिलं तर दोनदा थँक्यू म्हणाली. तिने आधी घरात कमावतं कोण असं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, तुझं काम सांगितलं, वर तुझी तारीफही केली. मग तिने मान वर करून अगदी प्रेमाने विचारलं, बरं, आणि तुम्ही काका? त्या "आणि तुम्ही"ने घात केला. मी छाती काढून सांगितलं की माझं घरूनच बुटांचं काम चालतं, गिऱ्हाइकं इतकी आहेत की बसायला उसंत नाही. सांगताना मी खुर्चीत बसलेलो होतो, पायांत तुझ्या सपाता होत्या. पडलो तरी नाक वर! तिने आनंदाने टॅबवर बोट टेकवलं आणि पुढच्या दारी गेली.

पुढच्या दारी दाढीवाला. त्याने सांगितलं की तो सल्लागार आहे. कशाचा, हे विचारण्याइतकी ती मुलगी आगाऊ नव्हती. त्याच्यापुढच्या घरातल्या, सोलखात्यातल्या सोलवाल्याने आपण मुलाच्या धंद्यात भागीदार असल्याचं सांगितलं, आणि त्याचा मुलगा तर अजून शाळेत आहे. एकाने दुसऱ्याला विचारलं नाही की काही ठरवलं नाही, पण एवढी एकी आम्ही युनियनच्या संपातसुद्धा दाखवली नव्हती. आपल्या ह्या वसाहतीत दुपारी दारोदार एकेक बाप्या खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि तिथे त्या मुलीला शोधून एक बेकार सापडला नाही.

काही महिन्यांनी मोठा मथळा आला, जिल्ह्याची बेकारी घटली, आणि त्यात आपला भाग सगळ्यांत पुढे. दाढीवाला पेपर नाचवत आला. आम्ही पोट धरून हसलो. हसू ओसरलं ते पुढच्या आठवड्यात. कारखान्याच्या जुन्या कँटीनमध्ये आमच्यासारख्यांसाठी मशीन दुरुस्तीचा वर्ग निघणार होता आणि शिकून पास होणाऱ्याला गोदामात नोकरी मिळणार होती. मी वही-पेनसुद्धा आणून ठेवलं होतं, तुला आठवत असेल. तो वर्ग दुसऱ्या तालुक्याला गेला. आम्ही तावातावाने रोजगार कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, तुमच्या भागात गरजच दिसत नाहीये हो, सगळे कामात आहेत. आता काय बोलणार, कपाळ? हात दाखवून अवलक्षण. तुला मी सांगितलं की वर्ग रद्द झाला आणि सरकारचं काही खरं नसतं. तू माझी बाजू घेऊन सरकारला दोन शब्द सुनावलेस, आणि मी ते ऐकून घेतले.

तुझा माझ्यावर विश्वास आहे, म्हणून आणखी एक सांगून टाकतो. प्रशिक्षणाला जायच्या थोडं आधी तू चष्मा घरी विसरून कामावर गेली होतीस, आणि संध्याकाळी तो तुला वॉचमनकडून मिळाला. मी तो वॉचमनकडे द्यायला आलोच नव्हतो. सरळ आत आलो होतो, हॉलच्या काचेच्या दारापर्यंत. आत चाकांच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या, तू मधे उभी होतीस आणि तो व्यायाम घेणारा तुमचा फिजिओ एकेका आजोबांकडे रबरी चेंडू टाकत होता. कुणाचा तरी चेंडू चुकून तुझ्या डोक्यावर बसला आणि तू हसलीस. डोकं मागे टाकून, एक हात मानेवर, आवाज काचेतून बाहेर येईपर्यंत. मी दार ढकलायला हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला. त्या फिजिओवर माझा काडीचाही संशय नाही. आपल्या लेकीहून चार वर्षांनी मोठा असेल नसेल, आणि मला काका म्हणतो. पण बाई गं, तू तशी हसत होतीस तेव्हा तो तिथे होता, ते आजोबा होते, त्या खिडकीजवळच्या आजी होत्या, आणि मी काचेच्या बाहेर तुझा चष्मा धरून उभा होतो. त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसाचा मला मत्सर वाटला. अजून वाटतो. घरात तू हसतेस, नाही असं नाही, पण आधी माझ्या तोंडाकडे बघून घेतेस.

आता हे पत्र कशासाठी ते. गेल्या आठवड्यात तुमच्या मॅनेजरबाईंचा घरी फोन आला, तू परत कधी रुजू होणार ते विचारायला. बोलता बोलता म्हणाल्या, आणि धुलाईखात्याचं तुमचं काय ठरलं? मोठ्या मशीनवरचा माणूस सोडून गेलाय, यंत्राची सवय असलेला कुणी हवाय, बाई प्रशिक्षणाला जायच्या आधीच आम्ही त्यांना दोनदा बोललो, त्या म्हणाल्या घरी विचारून सांगते. मी म्हणालो, अजून बोलणं व्हायचंय आमचं. त्या म्हणाल्या, मग त्या परत येईपर्यंत तुमच्यासाठी जागा ठेवते. फोन ठेवला आणि तुझा इतका राग आला की दोन दिवस तुझे फोन लेकीला घ्यायला लावले. वाटलं, हिला माझी लाज वाटते. मग वाटलं, माझा ताठा हिला माहीत आहे, बायकोच्या हाताखाली चादरी धुवायला हा येणार नाही असं धरून चालली असेल. आणि मग ते काचेचं दार आठवलं. तुला तिथे मी नको असेन. घरी ज्या नजरेने मी तुझ्याकडे बघत बसतो, ती नजर तिथेही दिवसभर पाठीला नको असेल. ह्याचा मला राग यायला हवा होता, पण ह्या वेळी नाही आला. मला ते काम हवं आहे. चादरी धुईन, वाळवीन, घड्या घालीन, चारचौघांत तुला ताई म्हणेन. तू आल्यावर विचारलंस तर मी हो म्हणेन. नाही विचारलंस तर मॅनेजरबाईंचा फोन आलाच नव्हता, हे पत्र तू फाडून टाकलंस आणि मी ते लिहिलंच नव्हतं. फक्त ठरवायच्या आधी एक लक्षात घे. धुलाईखातं तळघरात आहे. तिथून हॉलमधलं काही दिसत नाही आणि काही ऐकूही येत नाही. मी त्यांना मुद्दाम विचारून घेतलं.

जळकुटा, पण तुझाच