लेम्पीच्या नावाची सिस्टीम

२ सप्टेंबर १९९१, टांपेरे, फिनलंड
माझी बायको लेम्पी जाऊन आठ महिने झाले. वर्षश्राद्धाच्या आत तिच्या नावाची ऑपरेटिंग सिस्टीम जगापुढे आणेन, असं तिला हॉस्पिटलात सांगितलं होतं. सिस्टीमचा जाहीरनामा चाळीस पानांचा झाला. प्रोग्रॅम नंतर. आधी पाया.

५ सप्टेंबर
नेटवरच्या चर्चागटात साम्पो नावाच्या विद्यार्थ्याची घोषणा. "छोटी सिस्टीम केली आहे. फार काही नाही. माझ्या मशीनवर चालते, तुमच्याकडे चालेलच असं नाही. चुका कळवा." ही घोषणा की माफीपत्र? चार ओळी!

९ सप्टेंबर
उतरवून घेतली. केवळ हसायला. सात चुका. कडक शब्दांत कळवल्या.

१० सप्टेंबर, सकाळी ८
सातही दुरुस्त. "थँक्स, आणखी हाणा," म्हणतो. कोडगा.

२९ सप्टेंबर
मेहुणी केर्त्तू वेलदोड्याचे पाव घेऊन आली. भावजी, ताईची सिस्टीम चालू झाली का, म्हणाली. म्हटलं, जाहीरनामा सत्तर पानं. मग हे समोर काय चालतंय, तिने विचारलं. म्हटलं, एका पोराचा कचरा. तीन आठवडे कचऱ्यापुढे बसलात, वाफाऱ्याची सौनासुद्धा तापवली नाहीत, म्हणाली. तिला पाया म्हणजे काय ते कळत नाही. पाव बरे होते.

२० ऑक्टोबर
कळवलेल्या चुका एकेचाळीस. सात देशांतली माणसं तो कचरा वापरतात. जगाचा दर्जाच घसरला. उद्यापासून स्वतःचं काम.

३ नोव्हेंबर
माझी सिस्टीम सुरू झाली! पडद्यावर 'लेम्पी' उमटलं, मग कीबोर्ड बंद. फाइल सेव्ह होत नाही. जाहीरनामा साम्पोच्या सिस्टीमवर टाइप करतो आहे. तात्पुरतं.

२८ नोव्हेंबर
साम्पो विचारतो, आभाराच्या यादीत तुमचं नाव कसं लिहू? त्या कचऱ्यात माझं नाव?

३० नोव्हेंबर
माझं नाव नकोच. एवढंच कळवलं: लेम्पी हार्युला लिही. कारण दिलं नाही.

२ जानेवारी १९९२
वर्ष झालं. सकाळी केर्त्तूबरोबर कबरीवर मेणबत्ती लावून आलो. सिस्टीमचं तिने विचारलं नाही.

घरी आलो तर साम्पोची नवी घोषणा. सहा ओळी. एकोणीस देश. शेवटी: "आभार, लेम्पी हार्युला. सगळ्यांत खडूस आणि सगळ्यांत कसून तपासणारी बाई."

लेम्पी जन्मात कुणावर चिडली नाही. माझ्यावरसुद्धा नाही.

ताबडतोब कळवलं. चूक क्रमांक एकशे तीन.

वीस मिनिटांत दुरुस्त. आता तिथे नुसतं नाव आहे.

जाहीरनाम्याचं पहिलं पान पुन्हा लिहायला घेतलं. त्याच्याच सिस्टीमवर.