बिनआवाजाचं दार

चिखली
१२ मे २००६

चि. सौ. अन्नपूर्णा हिस रामदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

गावच्या घराचं पुढचं दार मी माझ्या हातानं दुरुस्त केलं. त्याला खरा खर्च आला तो असा: दोन गुरुवारच्या सुट्ट्या, डाव्या अंगठ्याचं नख, बाबांच्या वेळचा रंधा, आणि आईचा अबोला, जो अजून चालूच आहे. बिजागऱ्या माझ्याच दुकानातल्या, त्या धरत नाही.

धाब्याच्या छतावर पांढरी माती टाकली, चुलीमागची भिंत लिंपली. सुतार लावला नाही. शालिग्राम मिस्त्री ओट्यावर बसून म्हणे, रामराव, हातोडी विकणं वेगळं अन् मारणं वेगळं. नख गेलं ते त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणून तो अजून हसून राह्यला.

तुला आठवत असेल, त्या दाराला बिजागरी नव्हतीच. खालचा लाकडी खुंट दगडाच्या खाचेत फिरायचा आणि अर्धं गाव जागं व्हावं असा कुरकुरायचा. मी खुंट कापून टाकला, बिजागऱ्या ठोकल्या, तेल दिलं. आता मांजर आत शिरली तरी कळायचं नाही! हमालाचा दुकानदार झालो तो या कानांच्या जोरावर. सळई आपटली की तिची जात सांगतो. लोखंडाचा असो की लाकडाचा, कुठलाही आवाज मी काढून देतो आणि कोणी म्हटलं तर परत घालूनही देतो.

आई तेवढं म्हणाली होती, कापू नको बे, त्याले बोलू दे. म्हाताऱ्या माणसाला जुन्या वस्तूची माया, दुसरं काय!

जावईबापूंस नमस्कार. लोणारला यंदा आंबा बरा आहे म्हणतात. लोभ आहेच, पाटीभर आंबे आले तर तो वाढायला हरकत नाही.

तुझा,
रामदादा


लोणार
२० मे २००६

ती. रामदादास शि. सा. न. वि. वि.

अंगठ्याला हळद लाव. आंबे पाठवते. पण आधी रागावते.

दादा, सळईची जात ओळखणाऱ्या माणसानं आईचं बोलणं ऐकलं नाही? डोळे गेल्यापासून ती त्या दारावरून माणूस ओळखत होती. तू लोटलंस की लांब आरोळी. शेजारची सोजराबाई भाकर घेऊन आली की दोन तुकड्यांत. आणि आपला धाकटा दीपक लहानपणापासून दार खांद्यानं जरासं उचलून लोटतो, त्याची एकच बारीक कुर्र. तू एवढं बोलावूनही आई चिखलीला राहायला येत नाही, ती त्या एका कुर्रसाठी. दिवाळीत मला म्हणाली, तो आला की मीच आधी ये बापू म्हणीन, त्याले बोलायची पाळीच येऊ देणार नाही.

तिचंच बोलणं तिला खातं आहे. बीटी कपाशीचं पहिलं वर्ष साधलं म्हणून दुसऱ्या वर्षी दीपकनं तिच्या ज्वारीच्या तुकड्यातही कापूसच लावला. पानं लाल पडली, बोंडं सुपारीएवढी राहिली, आणि तिचं घरचं बी मडक्यात किडलं. माह्या जवारीची जागा खाल्ली तुनं, मले तोंड नको दाखवू, असं रागात बोलून गेली. तो उठला तो थेट सुरत.

डोळ्यांचं त्याला कळवू नका, ही तिची शपथ. कीव येऊन आला तर तो आला असं ती धरणार नाही म्हणे. मला वाटतं आता शपथ मोडावी. तू थोरला, तू ठरव. माया ठेव, आणि यापुढे करवत शालिग्रामकडे ठेव.

तुझी,
अन्नपूर्णा


चिखली
२९ मे २००६

चि. सौ. अन्नपूर्णास आशीर्वाद.

पत्र पोचलं. आंबेही. गोड लागले नाहीत.

शपथ मोडायला माझी जीभ रेटत नाही. दाराला बैलाची घुंगरमाळ बांधतो. पण पावसाच्या तोंडावर दुकानात टिनपत्र्यांना हीऽ गर्दी आहे. ती ओसरली की पहिल्याच गुरुवारी गावी जातो. काळजी करू नको. तुझ्या रागावरही आमचा लोभ आहे.

रामदादा


सुरत
१४ जून २००६

ती. ताईस सा. न. वि. वि.

कोणाला सांगू नको, मी मृगाच्या आधी गावी येऊन गेलो. इथं यंत्रमागावर माझ्यासोबत रोहिणखेडचा जाकीर आहे. त्याच्या घरून गावरान ज्वारीचं बी मागून घेतलं होतं. वाटलं, आईच्या ओंजळीत टाकावं, मग ती काय बोलायचं ते बोलो.

भर दुपार. गल्लीत कोणी नव्हतं. चपला ओट्याखाली काढल्या. दार लोटलं, ते लोण्यासारखं उघडलं. आई समोर बाजेवर बसली होती, तोंड दाराकडे. सरळ माझ्याकडे पाहत होती, ताई. पापणीही हलली नाही. चुकलेल्या माणसानं आधी कसं बोलावं? ती ये म्हणेल म्हणून उभा राहिलो. ती नुसती पाहत राहिली. मग बी उंबऱ्यावर ठेवलं आणि जीप धरली.

तिनं तोंड दाखवू नको म्हटलं होतं, तरी मी दाखवलं. आता ही खोलीही सोडतो आहे. मुकादम जिथं नेईल तिथं. तुमची माया माझ्यावर असू द्या, मी कुठंही असलो तरी.

दीपक


चिखली
९ जुलै २००६

चि. दीपक यास रामदादाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र जुन्या पत्त्यावर टाकतो. जाकीर तुला शोधून देईल अशी आशा. अन्नपूर्णानं तुझं पत्र माझ्याकडे पाठवलं. तिच्यावर रागावू नको.

बापू, आईला दिसत नाही. तू गेल्यानंतर तिचे डोळे गेले. ती तुझ्याकडे पाहत नव्हती, ती दार वाजायची वाट पाहत होती. आणि ते वाजलं नाही, कारण मी ते दुरुस्त केलं होतं.

उंबऱ्यावरचं बी कोणाचं, हे ती गावभर विचारून राह्यली होती. तुझं, असं मी सांगितलं. तिनं बी मुठीत धरलं. मग म्हणाली, मंग म्या ये म्हटलं नाही का त्याले?

बी पेरलं आहे, उगवलं आहे. तू ये. दुरूनच हाक मारत ये. दाराला घुंगरमाळ बांधायला गेलो तर आईनं सोडायला लावली. ती म्हणते, यानं सगळेच सारखे येतात. आमचा जीव तुझ्यात आहे, हे जाणून उत्तर पाठव.

तुझा,
रामदादा

ता. क. शालिग्रामकडून नवा खुंट घडवून घेतला, बिजागऱ्या काढल्या, खाचेत वाळू घातली, कोरडं ठेवलं, ओलं केलं. मी खांद्यानं उचलून दार लोटतो, आई कान देते आणि हळूच नाही म्हणते. तो आवाज मला परत घालता आला नाही.