नीवचा भत्ता

नावन, ९ फेब्रुवारी २०२१

ती. आईस, योगिनीचा नमस्कार.

आम्ही ठणठणीत आहोत. परेशचा पगार कापलाय, पण भागतं. तुझा गुडघा कसा आहे? लशीचं कुणी काही सांगतंय का?

आज मी इथल्या लोकपालाकडे तक्रार पाठवली. घाबरू नकोस. नीव, म्हणजे आम्ही सांभाळायला घेतलेली आठ वर्षांची मुलगी, तिच्या खर्चाचा भत्ता इथल्या सरकारी बालकल्याण कचेरीने दहा महिने दिलेलाच नाही. कारण काय, तर म्हणे मीच नाकारला! पहिल्या भेटीत तिथल्या बाईंनी विचारलं, "भत्ता सुरू करायचा ना?" मी आपल्या सवयीने म्हटलं, "छे हो, कशाला? आमचीच आहे ती." वाटलं, पुन्हा विचारतील. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं आणि फाइल मिटली.

माझं चुकलं, मान्य. पण भत्ता मुलीचा आहे, तो मला नाकारता येतोच कसा? तीन पत्रं लिहिली. तिन्हींना उत्तर एकच: "आपण स्वेच्छेने नकार दिला होता."

गेल्या सोमवारी त्याच बाईंचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, म्हणून स्पीकरवर घेतला. "परवडत नसेल तर तिच्यासाठी दुसरं घर बघू." किती सहज म्हणाल्या! नीव जिन्यात बसली होती.

आई, तेव्हापासून ती दुसरी पोळी घेत नाही. "आयॅम ग्रँड, थँक्स," म्हणते, म्हणजे इकडच्या बोलीत 'मला काही नको', आणि ताट उचलते. याची भरपाई कुठल्या रकान्यात मागू?

बाबांना यातलं काही वाचून दाखवू नकोस.

तुझी,
योगिनी