टाकी भरेल त्याने तेल घालावं

प्रिय धाकट्या,

तुझा लेख मिळाला. सायकलला इंजिन बसवणाऱ्या हौशी मंडळींच्या अंकात तो पहिल्याच पानावर आहे. बाबांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. चांगला जमलाय. फोर-स्ट्रोक इंजिन शांत चालतं, पेट्रोल कमी पितं, त्याचं तेल वेगळं राहतं. टू-स्ट्रोक हलकं, सुटसुटीत, पण पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं आणि धुराने गल्ली खोकते. सगळं खरं. बाबांचा टोमणा मात्र तू गाळलास. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदाच काम करतं, तुमच्या आत्याच्या नवऱ्यासारखं, असं म्हणून ते स्वतःच हसायचे. तू चिडून म्हणायचास, आणि तुमचं टू-स्ट्रोक शेपटीवर पाय पडलेल्या बोक्यासारखं ओरडतं, त्याचं काय? हातात पाने-पक्कड घेऊन तुम्ही दोघं शेडमध्ये भांडायचात. मी खाली बसून साखळी धुवायचे. माझं मत कुणी विचारलं नाही.

शेवटच्या परिच्छेदात तू लिहिलंस की वडिलांनी हट्टाने टू-स्ट्रोक सोडलं नाही, उतारावर इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं, आणि आज ते वॉकरशिवाय चालू शकत नाहीत. तेव्हा भरवशाचं इंजिन कोणतं, हे वाचकांनीच ठरवावं. तिथे मी अडखळले. बाबा म्हणाले, थांबलीस का, वाच की.

अपघाताच्या आदल्या दिवशी बाबांची ती सायकल तू फिरवली होतीस. तुझ्या घरी परत निघण्याआधी पंपावरून टाकी भरून आणलीस. घरचा नियम तुला पाठ आहे: सायकल नेईल त्याने टाकी भरावी, टाकी भरेल त्यानेच तेल घालावं, आणि दुसऱ्याने विचारू नये. विचारणं म्हणजे अविश्वास. बाबांनी विचारलं नाही. तू नियम अर्धाच पाळलास. इतकी वर्षं फोर-स्ट्रोक चालवून हाताची सवय गेली असेल. तुझ्यासाठी बाबांनी बाकावर काढून ठेवलेला तेलाचा नवा डबा, ते दवाखान्यात असताना मी पाहिला, तेव्हाही सीलबंद होता. इंजिन मीच उघडलं. पिस्टनवर नखांनी ओरबाडल्यासारखे चरे होते, तेलाचा टिपूस नाही. बाबा घरी आल्यावर तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, जुनं झालं होतं गं ते. धाकट्याला काही कळवू नकोस, उगाच मनाला लावून घेईल.

म्हणून मी गप्प राहिले. फोनवर तू म्हणालास, मी आधीपासून सांगत होतो, तेव्हाही तोंडातून शब्द काढला नाही.

आज बाबांनी तुला निरोप द्यायला सांगितला: लेख उत्तम, शेवट तर फारच छान. तेवढं कळवायलाच मी लिहायला बसले होते. निरोप पोचवला. या पत्रासोबत पिस्टन पाठवते आहे. पुढच्या अंकात खरं काय ते छापणार असशील तर त्याचा फोटो घाल. नसशील तर लगेच परत पाठव. तुझा लेख वाऱ्याने उडू नये म्हणून बाबा त्यावर तोच ठेवतात.

तुझीच,
ताई