पाच, सगळं ठीक

१ सप्टेंबर
आज चौकी क्रमांक चारवर रुजू झालो. जीपने मला, माझ्या ट्रंकेला आणि आईने बांधून दिलेल्या पन्नास भाकऱ्यांना उतरवलं आणि चिखल उडवत परत गेली. आमच्या गदगकडे सबंध वर्षात पडत नाही तेवढा पाऊस इथे एका दुपारी पडतो. कौलारू खोली, चूल, खाट, आणि दारासमोरून कालवा. डोंगराच्या कडेकडेने हा कालवा सात ओढ्यांचं पाणी धरणात नेतो. प्रत्येक ओढ्यापाशी एक चौकी, चौकीत एकच माणूस. लोखंडी दार वर करायचं, खाली करायचं, अडकलेला पालापाचोळा ओढून काढायचा. याचा पगार देतात, हे आईला अजून खरं वाटत नाही.

नियम एकच. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, दर दोन तासांनी धरणावरून शेषगिरी सर वायरलेसवर नंबर पुकारतात. आपला नंबर आला की म्हणायचं, "चार, सगळं ठीक." लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही तर जीप निघते. पूर्वी सहा नंबरचा एक माणूस पडला आणि चार दिवसांनी सापडला, तेव्हापासून हे सुरू झालं. मला बरं वाटलं. दिवसातून सात वेळा आईनेसुद्धा कधी माझी चौकशी केली नव्हती.

५ सप्टेंबर
पाच नंबरचा दुग्गप्पा भेटायला आला. दोन मैल चालून, डोक्यावर इरलं घेऊन. याच डोंगरातला आहे. माझी ज्वारीची भाकरी हातात फिरवून त्याने विचारलं, ही खायची की हिने छप्पर शाकारायचं? मग चार खाल्ल्या आणि आईसारखं मला बसू म्हणायला लागला. जळवांसाठी तंबाखू-चुन्याची पुरचुंडी दिली.

त्याने इथली एक रीतही सांगितली. कोणी आजारी पडलं, कोणी मासे धरायला गेलं, तर शेजारच्या चौकीने आवाज थोडा बदलून त्याच्याही नंबरला उत्तर द्यायचं. सगळेच देतात. सर रजिस्टरात खूण करतात आणि पुढचा नंबर पुकारतात. मी म्हटलं, मग नियम कशाला ठेवलाय?

"नियम कंपनीचा, बसू," तो म्हणाला. "शेजार आपला."

१९ सप्टेंबर
तीन दिवस तापाने पडून होतो. दुग्गप्पा दोन्ही दारं सांभाळत होता, दोन्ही नंबरांना उत्तर देत होता, वर मला मिरीचा कषाय आणि पेज पाजत होता. कपाळावर ओलं फडकं ठेवताना सारखा म्हणायचा, कोरड्या मुलखातला माणूस आहेस, थोडा भिज. परक्या गावात एवढी माया कोण करतं? मला रडू आलं. त्याने बाहेर बघत विडी ओढल्याचं सोंग केलं.

३ ऑक्टोबर
दुग्गप्पाला मुलगी होऊन एकवीस दिवस झाले. बायको नेत्रावती माहेरी आहे. बदली माणूस नाही म्हणून रजा नाही, आणि त्याने अजून लेकीचं तोंड पाहिलेलं नाही. मीच म्हटलं, शनिवारी सकाळी जा, रविवारी संध्याकाळी ये, तुझ्या नंबराला मी आहे. तो आधी नको म्हणाला. मग त्याने आणून ठेवलेला फ्रॉक ट्रंकेतून काढून दाखवला. चार वर्षांच्या पोरीला होईल एवढा. मी पोट धरून हसलो. तो म्हणाला, वाढेल की. घरी कळवलेलं नाही, एकदम दारात उभा राहणार आहे.

७ ऑक्टोबर, शनिवार
सहाची हाक झाल्यावर तो निघाला असेल. सहा नंबरच्या चौकीच्या दिशेने कालव्याच्या बांधावरून तीन तास, मग बस. आज दिवसभर मी दोन नंबर सांभाळले. नाकातून थोडा आवाज काढला की हुबेहूब तो. "पाच, सगळं ठीक."

सेटमध्ये दमट हवा शिरलेली दिसते. मधूनमधून नुसतं खट खट वाजतं, बोलत कोणीच नाही. पुसून चुलीजवळ ठेवला.

८ ऑक्टोबर, रविवार
संध्याकाळपर्यंत आला नाही. लेकीने धरून ठेवलं असणार, राहू दे एक दिवस. बाराच्या हाकेला मी "पाच, सगळं ठीक, आज भाताबरोबर मासे" असंही म्हटलं. दोन आणि तीन नंबरवाले हसले.

खटखट सकाळी फार होती. दुपारी चारनंतर एकदाही नाही. सेट वाळला वाटतं.

११ ऑक्टोबर
दोन दिवस लिहिता आलं नाही. आज सगळं लिहून ठेवतो, कारण तोंडाने कोणाला सांगण्याची हिंमत माझ्यात नाही.

सोमवारी सकाळी पाचवर गेलो. कुलूप. तसाच बांधावरून पुढे चाललो. अर्ध्या मैलावर कालवा दगडी मोरीत शिरतो, तिथे बांधाची माती खचली होती. दुग्गप्पा खाली होता. कालव्यात हातभर पाणी, मोरीच्या तोंडाशी दोन धोंड्यांमध्ये पाय पिचून अडकलेला. अंग गार पडलेलं. फ्रॉकचं गाठोडं पोटाशी कोरडं राखलं होतं. सेट हातात, चालू. बोलायच्या जाळीत चिखल घट्ट बसला होता.

मी त्याचे डोळे मिटत होतो तेवढ्यात आठची हाक आली. त्याच्या सेटमधून सरांचा आवाज अगदी स्वच्छ आला. चार? पाच? आणि मी, देवा, सवयीने की भीतीने, माझ्या सेटचं बटण दाबून म्हटलं, "पाच, सगळं ठीक."

ते त्याच्या हातातल्या सेटमधून वाजलं.

म्हणजे तो सगळं ऐकत होता. दोन दिवस. दोन हाका चुकल्या की जीप निघेल, या आशेवर पडून होता, आणि दर दोन तासांनी मी त्याला ठीक ठरवत होतो. मासेसुद्धा ऐकले त्याने. आणि ती खटखट म्हणजे तोच बटण दाबत होता.

गाठोडं मी लपवलं आणि मग जीप मागवली. चौकी सोडून गेला हे कळलं तर नेत्रावतीला त्याच्या जागी नोकरी मिळणार नाही. असं मी स्वतःला सांगितलं. रजिस्टरात सोमवार सकाळी आठपर्यंत तो ठीक आहे.

१६ ऑक्टोबर
नेत्रावतीच्या घरी जाऊन आलो. मूल झोळीत होतं. तिने विचारलं, फार वेळ त्रास तर झाला नाही ना? मी म्हटलं, नाही, लगेच गेला. हे दुसरं खोटं. ती बराच वेळ झोळी हलवत राहिली, मग माझ्याकडे न बघता बोलली.

"त्यांनी एकदा तरी लेकीला बघायला यायचं होतं, अण्णा. आम्ही त्यांना एवढे परके होतो का?"

तिने वाढलेला भात खाल्ला आणि निघून आलो. माझ्यासारखा हलकट मीच.

२० ऑक्टोबर
सकाळी दहा वाजता सेट वाजला. खट खट. हवा कोरडी आहे. सरांना विचारलं, त्यांना काही ऐकू आलेलं नाही. पाचवर आता तात्पुरता माणूस आहे; दुग्गप्पाचा सेट धरणावरच्या कपाटात, बॅटरी काढून ठेवलेला आहे.

२४ ऑक्टोबर
दिवसभर खटखट. जेवण जात नाही. धरणावर जाऊन सरांना सांगितलं की दुग्गप्पा बोलावतोय. ते हळू आवाजात म्हणाले, त्या दोन दिवसांचा आवाज कोणाचा होता ते मलाही माहीत आहे, खूण मीच केली. आता तोंड उघडलंस तर त्या बाईची नोकरी जाईल. सुट्टी घे, घरी जा.

घरी जाऊन काय करू? इथे निदान खटखटीला मी आहे.

२८ ऑक्टोबर
कालवा दुरुस्तीसाठी कोरडा केलाय. उद्या दुपारी चारला सगळ्या चौक्यांनी ठीक म्हटलं की पाणी सोडणार. एकाचं जरी उत्तर आलं नाही तरी सोडत नाहीत.
आज खटखटीमागे श्वास होता.

२९ ऑक्टोबर, दुपारी अडीच
बोलला. दुग्गप्पाच. "बसू, ऐकू येतंय का? पाय अडकलाय रे. ये ना."
तो गेलाय, मला माहीत आहे. डोळे मीच मिटले. पण तो हाक मारतोय आणि मी चुलीपुढे बसलोय — हे पुन्हा नाही. वही आणि सेट घेऊन निघालो.

साडेतीन
मोरीत. आवाज आतून येत होता म्हणून आत उतरलो. कोणी नाही. धोंडा सरकला — पाय निघत नाही. दुखतंय फार.
ठरवलंय. चारच्या हाकेला गप्प राहायचं; आत्ता सेटवर बोललो तर सर मला गुपचूप काढून घरी धाडतील. पाणी सुटणार नाही; सहालाही गप्प राहिलो की जीप निघेल, चौकीत नाही म्हटल्यावर इथे शोधतील. मग सगळ्यांसमोर सांगेन.
नेत्रावती, तो तुमच्याकडेच निघाला होता. लेकीसाठी फ्रॉक घेऊन. दोन दिवस जिवंत होता. ठीक म्हणणारा मी —

चार
एक ठीक. दोन. तीन.
चार? — मी गप्प. बटणावर बोटही नाही —
उत्तर आलं. दुग्गप्पाच्या आवाजात, अगदी मायेने. "चार, सगळं ठीक."
पाच. सहा. सात. सगळे ठीक.
नाही, सर, चार ठीक नाही, चार इथे — बटण दाबतोय, ओरडतोय, सर — नुसतं खट —