कूलर बंद ठेवून केलेलं वजन

सर, ते गोठलं.

तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी तुम्हाला सांगायचं ते हेच, याचा मला रागच येतो आहे. त्रिकोणांच्या जाळीत तीन चुंबकी अणू, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं. दोघांचं जमतं, तिसऱ्यानं जावं कुठे? म्हणून कितीही थंड केलं तरी या स्फटिकातले चुंबक चुळबुळतच राहणार, आणि थोडे अणू काढून तिथे जस्त घातलं तरी गोठणार नाहीत, हे तुम्ही फळ्यावर मांडलंत आणि मी उभा जन्म त्यावरच काढला.

आलेखात पहिल्यांदा गोठल्याचं टेंगूळ दिसलं तेव्हा मी घाबरले नाही. मला तो मे महिना आठवला. तराजूच्या खोलीत कूलर लावून मी लँथेनमची पूड मोजते आहे आणि तुम्ही दारातून ओरडता, "काहून वं, कूलरसमोर वजन करून राहिली? अर्धं पाणीच तोलशील!" पावसाळ्यात मिठाला सुटावं तशी त्या पुडीला ओल सुटते, प्रमाण चुकतं, भलतंच संयुग तयार होतं आणि तेच गोठून आपल्याला फसवतं. तुम्ही पूड पुन्हा भट्टीत घालायला लावलीत. मग कूलर बंद करून आपण दोघं घामानं निथळत वजन करत बसलो. त्याच संध्याकाळी तुम्ही तुमचा पूड घोटायचा अकीकाचा खल मला देऊन टाकलात.

आताही तसंच झालं असेल, म्हटलं. पुन्हा केलं. टेंगूळ तिथंच. माझ्या विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध तुमच्या म्हणण्यावर उभा आहे. ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मले खरं सांगा ना, मी आता काय लिहू?" शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून म्हणाला होतात, "नाही गोठत वं ते, तू पाहूनच घे." घेतलं पाहून, सर. आता मी भांडू कोणाशी?

शेवटचा नमुना मी एकटीनं केला. पूड भट्टीतून काढली, दारं लावली, कूलर बंद केला. सगळं तुम्ही शिकवलं तसं. आज निकाल आला, तेच टेंगूळ, त्याच जागी. उद्या त्या पोरीला सांगावं लागेल की माझे सर चुकले होते, आणि त्यांच्यामागं मीही.

हा कागद खलाखालीच राहील. एक मात्र लिहून टाकते. या शेवटच्या नमुन्याचं वजन करताना माझा हात कूलरच्या बटणाकडे गेला होता, आणि तो उकाड्यामुळे नव्हे; पुडीला ओल सुटली असती तर चूक तिची ठरली असती, तुमची नाही.